इरकलीवरचा खणाचा ब्लाउज शिवून घेताना

लग्नसराईत सोलापुरातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात जा, सुंदर इरकल नेसलेली एखादी बाई सारखी ब्लाउज खाली ओढताना दिसतेच. साडी छान, दागिने छान, आणि सगळा कार्यक्रम काखेपाशी हात नेण्यात जातो. हे टाळता येते.

खण घ्यायला चाटी गल्लीत जाताना साडी सोबत न्या आणि रंग दुकानाबाहेर उजेडात जुळवा. पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असते, त्यामुळे कोपरापर्यंत बाही हवी असेल तर कापड फाडण्याआधीच सांगा.

अस्तर सुतीच हवे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो, त्यात पॉलिस्टरचे अस्तर घाम टिपत नाही. टू बाय टू नावाचे सुती कापड घ्या, रात्रभर भिजवा, वाळवून इस्त्री करा, मगच शिवायला द्या. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटते आणि वरच्या खणाला चुण्या पडतात.

आता माप. मला सगळ्यात जास्त छळले ते याच टप्प्याने. "मापाचा ब्लाउज द्या" म्हटले की आपण कपाटातला जुना ब्लाउज काढून देतो. तो शिवला तेव्हाचे अंग आता राहिलेले नसते, शिवाय धुऊन धुऊन त्याचा आकारही गेलेला असतो. अंगावरूनच माप द्या, आणि समारंभाला जी ब्रा घालणार तीच घालून जा. ब्रा बदलली की टक्सची, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुणीची, जागा बदलते.

मग मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप. काखेत काचते म्हणून बायका सर्रास सांगतात, "मुंढा जरा खाली घ्या." हा सल्ला साफ चुकीचा आहे. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. काखेला न रुतता जवळून जाणारा मुंढाच हात मोकळा ठेवतो. काचत असेल तर आधी दंडाचा घेर आणि छातीचे माप तपासायला सांगा. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडतो. टेलर अनुभवी असला तरी हे स्पष्ट बोला, संकोच करू नका.

गळ्याबद्दल माझे मत ठाम आहे: पुढून-मागून दोन्हीकडे खोल गळा नको. खांदा घसरतो, मग पिना लावत बसा. मागचा गळा खोलच हवा असेल तर वर नाडी लावून घ्या.

माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जास्तीचे कापड, दोन्ही बाजूंना एकेक इंच ठेवायला सांगा, आणि बाहीच्या आतही. बऱ्याच ठिकाणी बाजूला माया सोडतात, बाहीची मात्र कापून टाकतात. मग पुढच्या वर्षी ब्लाउज उसवला तरी दंडात अडकतो.

ट्रायल आरशासमोर नुसते उभे राहून घेऊ नका. हुक लावून दोन्ही हात गजरा माळताना नेतो तसे मागे न्या, वाका, खाली बसा. छातीवर आडव्या सुरकुत्या पडल्या तर ब्लाउज घट्ट आहे. काखेपुढे कापड लोंबले तर तिथे जास्तीचे आहे. दुरुस्ती तिथेच खडूने आखून घ्या. त्यासाठी लग्नाच्या तीन आठवडे आधी कापड शिवायला टाका. आदल्या दिवशी मिळालेला ब्लाउज कुणीही दुरुस्त करून देत नाही.

नेसताना चपला आधी घाला, परकर सुती घ्या. इरकलीच्या टोप पदराच्या अगदी बारीक प्लेट्स घालू नका, लाल-पांढरी नक्षी सगळी घडीत जाते. डिओडरंट कोरड्या काखेत लावा आणि ते पूर्ण वाळल्यावरच ब्लाउज चढवा. ओल्या अंगावर पावडर थापली की पांढरे डाग पडतात. थ्रेडिंग दोन-तीन दिवस आधी उरकून घ्या.

घरी आल्यावर ब्लाउज लगेच घडी करून कपाटात टाकू नका. उलटा करून सावलीत वाऱ्यावर टांगा आणि पहिल्यांदा थंड पाण्यात वेगळाच धुवा, कारण खणाचा रंग जाऊ शकतो.