पॅनेलचे दिवे लावले की जॉयस्टिकचा अक्ष थरथरतो: माझा अनुभव

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी, संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठी (फ्लाइट सिम्युलेटर) प्लायवूडचं कॉकपिट बांधलंय. स्टिकला दोन १० के (१० किलो-ओहम) पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक हलली की व्होल्टेज बदलणारे फिरते रोधक; मागे तो व्होल्टेज मोजून यूएसबीने संगणकाला आकडा देणारा छोटा बोर्ड, आर्डुइनो प्रो मायक्रो. स्टिकला हातही न लावता एलरॉनचा (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या अक्षाचा) आकडा ५०८ ते ५१९ नाचायचा, विमान सारखं डुलायचं. पॅनेलचे १६ एलईडी बंद केले की मात्र शांत. ही खूण मी फार उशिरा ओळखली.

नवा पोटेन्शिओमीटर घातला, फरक शून्य. डेडझोन (मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल) वाढवला, तर उतरताना लागणारी बारीक दुरुस्तीच विमानापर्यंत पोचेना. कोडमध्ये सरासरी घेतली, स्टिक जड आणि उशिरा ऐकणारी झाली. तीन रविवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

दोष सामाईक ग्राउंडचा होता, म्हणजे पोटेन्शिओमीटर आणि दिवे दोघांचा प्रवाह बोर्डकडे परत नेणाऱ्या एकाच वायरीचा. बोर्ड मोजताना ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जेमतेम ५ मिलिव्होल्टची. पीडब्ल्यूएमने (झपाट्याने चालू-बंद करून) मंद केलेल्या दिव्यांचा प्रवाह त्याच बारीक वायरमधून परतायचा आणि तेवढा व्होल्टेज सहज हलवायचा.

आधी यूएसबी काढा. पोटेन्शिओमीटरची दोन्ही टोकं स्वतंत्र वायरींनी थेट बोर्डच्या व्हीसीसी (५ व्होल्टची पिन) आणि ग्राउंडला जोडा. मग दिव्यांचं ग्राउंड वेगळ्या, जाड वायरीने बोर्डवर आणा. शेवटी ए० (एलरॉनचा व्होल्टेज येतो ती पिन) आणि ग्राउंडमध्ये, बोर्डच्या अगदी जवळ, '१०४' छापलेला (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर जोडा. दूर स्टिकपाशी नको. एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या अक्षाच्या) ए१ ला तसाच दुसरा. डेडझोन शून्य करून विंडोजमध्ये पुन्हा कॅलिब्रेट करा.

आता सगळे दिवे लावूनही आकडा ५१२-५१३ वर थांबतो.