गीझर सुरू असताना जळकट वास, पण एमसीबी पडत नाही: माझा अनुभव

लक्षण असे होते: गीझर सुरू केल्यावर काही वेळाने स्विचबोर्डाची पट्टी कोमट होई, जळक्या प्लास्टिकसारखा वास येई आणि त्याच सर्किटवरील दिवा मंदावे, एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) मात्र एकदाही पडला नाही. सॉकेट, प्लग आणि अखेरीस एमसीबीसुद्धा बदलून पाहिला, तरी वास कायम राहिल्याने वैताग आला.

दोष निघाला बोर्डामागच्या जोडपेटीत, न्यूट्रलच्या (प्रवाह परत नेणाऱ्या वायरीच्या) ढिल्या जोडात. तेथे केवळ १ ओहम रोध असला, तरी २३० व्होल्टवर २,००० वॅटचा गीझर चालताना त्या एका बिंदूवर सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे सोल्डरिंग गनइतकी. प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबीला आणि वीजगळती नसल्याने आरसीसीबीला (गळती ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ताच लागत नाही.

परवानाधारक वायरमनकडून पुढील क्रमाने काम करून घेतले. प्रथम मुख्य स्विच बंद केला. टेस्टर आधी चालू सर्किटवर तपासून घेतला होता, त्यानेच जोडपेटीत वीज नसल्याची खात्री केली. नंतर पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड उघडून काळवंडलेली वायर स्वच्छ तांबे आणि मऊ आवरण लागेपर्यंत मागे कापली. (टेपखालचा असा जोड मुळात असूच नये.) मग योग्य क्षमतेच्या स्क्रू-कनेक्टरमध्ये वायर घट्ट आवळून प्रत्येक टोक ओढून पाहिले. त्याच सर्किटचे वितरणपेटीतील न्यूट्रल-पट्टीवरचे स्क्रूही आवळले. शेवटी गीझर पूर्ण वेळ चालवून पाहिला. पट्टी थंड राहिली, दिवाही मंदावला नाही.