फाइल नॅसवर वायरने जाते की वाय-फायने? असं तपासा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डबा. कॉम्प्युटरला वायर लावली म्हणजे फाइल वायरनेच जाणार, असं धरून चालू नका. दोन्ही जोडलेलं असेल, तर वाट विंडोज निवडतं. आणि इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे काडीच्या उपयोगाची नाही. ही फाइल घराबाहेर जातच नाही.

१. चार-पाच जीबीची एकच फाइल नॅसवर कॉपीला लावा. हजार छोटे फोटो नकोत, त्यात खरा वेग कळत नाही.

२. कॉपी चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. इथरनेट आणि वाय-फाय यांपैकी ज्याचा आलेख उसळेल, ती वाट.

३. वाय-फायचा उसळला की जो-तो सांगतो, 'मेट्रिक बदला.' मेट्रिक म्हणजे जोडणीचा मान ठरवणारा आकडा. लहान आकड्याला पहिला मान. पण त्याला लगेच हात लावू नका. आधी सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट हवा.

इथेच माझे दोन रविवार गेले. वाय-फायवर सेकंदाला ४० मेगाबाइट मिळत होते आणि वाय-फाय बंद केलं की वायरवर जेमतेम ११. मी ड्रायव्हर बदलले, नॅस पुन्हा सेट केला. केबलकडे बघितलंच नाही. लिंक १०० मेगाबिटवर उतरला होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून त्यातून सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच जातात. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. कनेक्टरमधली एक तार सुटली होती, तरी पोर्टचा दिवा लागत होता, इंटरनेटही चालत होतं. विंडोज लिंकच्या वेगावरून मेट्रिक देतं: गिगाबिट वायरला २५, १०० मेगाबिट वायरला ३५, माझ्या ८६६ मेगाबिटच्या वाय-फायला ३०. म्हणजे त्याची निवड बरोबरच होती. तेव्हा मेट्रिक हाताने बदललं असतं, तर ११ वरच अडकून पडलो असतो.

केबल बदला. कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. महागड्या कॅट ८ च्या नादी लागू नका. तरीही १०० च दिसलं तर पोर्ट तपासा. काही फायबर बॉक्सना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० चे. अशा वेळी छोटा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा) घ्या आणि कॉम्प्युटर व नॅस दोन्ही त्यालाच जोडा. वायर एका राउटरला आणि नॅस दुसऱ्याच राउटरच्या नेटवर्कवर असेल, तर मेट्रिकने काहीही साधणार नाही. दोन्ही एकाच नेटवर्कवर आणा.

४. लिंक १००० असूनही वाट वाय-फायचीच? मग इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४, अ‍ॅडव्हान्स्ड. ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक काढून १० लिहा. आयपीव्ही६ लाही हेच करा. ते बहुतेक जण विसरतात, आणि नॅस नावाने उघडला की विंडोज पुष्कळदा तीच वाट धरतं.

५. रीस्टार्ट करा, नाहीतर जुनी जोडणी तशीच चालू राहते. तीच फाइल पुन्हा पाठवा. डिस्क बरी असेल, तर आकडा सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास दिसेल.