पेरोव्स्काइटच्या प्रदीप्तीवर प्रकाशाचा परिणाम कसा मोजावा

हॅलाइड पेरोव्स्काइट हा आयोडाइड किंवा ब्रोमाइडसारखे हॅलाइड असलेला स्फटिकी अर्धवाहक. त्याच्या थराची प्रदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून थराने परत सोडलेला प्रकाश, मोजताना ज्या लेसरने आपण थर उजळवतो, तोच लेसर थरात बदलही घडवत असतो. म्हणून पहिला किरण पडण्याआधी सगळी तयारी पूर्ण असावी. फोकस आणि जुळवणी थराच्या ज्या कोपऱ्यावर मोजणी करायची नाही तेथे उरकावी, शटर बंद करून नमुना नव्या जागेवर सरकवावा, स्पेक्ट्रोमीटरची नोंद सुरू करावी आणि मगच शटर उघडावे. पहिल्या सेकंदाचा वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश येतो त्याचा आलेख) सर्वांत मोलाचा असतो, कारण तो हुकला तर त्या जागेवर पुन्हा मिळत नाही.

लेसरची नुसती शक्ती लिहून ठेवणे पुरेसे नाही. ठिपक्याचा व्यासही मोजावा. 1 मिलिवॅटचा किरण 100 मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर पडला, तर सरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 12.7 वॅट होते, म्हणजे प्रमाण सूर्यप्रकाशाच्या जवळजवळ 127 पट. हा हिशेब न करता 'मंद लेसर' म्हणणे ही फार महागात पडणारी चूक आहे. तीव्रता न्यूट्रल डेन्सिटी फिल्टरने (सर्व रंग सारखेच मंद करणाऱ्या गाळणीने) कमी करावी आणि प्रत्येक तीव्रतेसाठी नवी जागा घ्यावी.

सरावासाठी आयोडाइड 60 टक्के आणि ब्रोमाइड 40 टक्के असलेला मिथिलअमोनियम लेडचा थर घ्यावा. अशा मिश्र थरांवर प्रकाश पडताच एका मिनिटाच्या आत सुमारे 740 नॅनोमीटरवर नवे शिखर उगवते आणि अंधारात काही मिनिटे ठेवल्यास ते मावळते, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले. हॅलाइड आयन स्फटिकातील रिक्त जागांमधून सरकतात आणि आयोडाइडने समृद्ध असे लहान प्रदेश तयार होतात; तेथील बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा होण्यास लागणारी किमान ऊर्जा) कमी असल्याने प्रभारवाहक, म्हणजे प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांनी मागे सोडलेल्या धन जागा, तिकडेच ओढले जातात, आणि म्हणूनच थराचा अगदी थोडा भाग बदलला तरी संपूर्ण वर्णपटावर त्याचीच छाप पडते. शिखराची जागा आणि तीव्रता दर 5 सेकंदांनी, वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवावी. नंतर शटर बंद ठेवून अधूनमधून क्षणभरच उघडावे, नाहीतर पूर्ववत होण्याची प्रक्रिया आपणच थांबवू.

नुसत्या आयोडाइडच्या थरात शिखर बहुधा सरकत नाही, पण त्याची चमक बदलते. हवेतला ऑक्सिजन आणि प्रकाश मिळून स्फटिकातील काही दोष निष्प्रभ करतात आणि चमक वाढते. तोच थर नायट्रोजनमध्ये मंदावूही शकतो. म्हणून वातावरणाची नोंद तीव्रतेइतकीच काटेकोर ठेवावी आणि लेसरच्या शक्तीतला चढउतार वेगळ्या पॉवर मीटरवर पाहावा. ठिपक्याच्या जागी पिवळसर डाग दिसला तर तो लेड आयोडाइड असण्याची शक्यता मोठी आहे. ती जागा अंधारात ठेवूनही पूर्ववत होणार नाही. थरात लेड म्हणजे शिसे असल्यामुळे नमुने हातमोज्यांशिवाय हाताळू नयेत, आणि वापरलेल्या काचपट्ट्या घातक कचऱ्यातच टाकाव्यात.