फोटोग्राफी क्लबात पहिल्यांदा जाण्याआधी

सगळ्यात आधी बारा फोटो निवडा. कॅमेरा कुठला, लेन्स किती, वर्गणी केवढी हे नंतर बघता येतं. पण कोल्हापुरातल्या आमच्या हौशी मंडळींच्या क्लबात कुणी नवीन आलं की पहिला प्रश्न एकच असतो, "फोटो आणलेत का?" त्यावर बहुतेकजण मोबाइल पुढे करतात आणि बोटानं सरकवत राहतात. तीनशे-साडेतीनशे फोटो, त्यांत एकाच सूर्यास्ताचे चाळीस. बघणारा दमतो, आणि आपलं नेमकं काय चांगलं आहे हे दाखवणाऱ्यालाही कळत नाही. मीसुद्धा तशीच गेले होते. म्हणून ही यादी निवडीपासून सुरू करते आहे.

निवडायची रीत अशी. वर्षभरातले फोटो एका जागी गोळा करा आणि पहिल्या चाळणीत पन्नास ठेवा. त्यांचे चार बाय सहाचे साधे प्रिंट काढून आणा आणि दोन दिवस घरात फरशीवर किंवा पलंगावर मांडून ठेवा. येता-जाता नजर पडू द्या. दुसऱ्या दिवशी जे नकोसे वाटतील ते उचलून टाका. मग ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही अशा घरातल्या माणसाला बोलवा आणि हवा तो फोटो हातात घ्यायला सांगा. रंकाळ्यावरच्या माझ्या लाडक्या सूर्यास्तांना माझ्या आईनं हातसुद्धा लावला नाही. तिनं उचलला भाजीवालीचा फोटो. तागडीच्या पारड्यात मेथीची जुडी, आणि मागं पोत्याला टेकून पेंगलेला नातू. "पोरगं झोपेला आलंय गं," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ बघत बसली. माझा हात माणसांत चालतो, पाण्यात आणि आभाळात नाही, हे मला त्या दिवशी समजलं. क्लबात पाऊल टाकण्याआधी स्वतःबद्दल एवढं कळलेलं असलं तर पुढचं वर्ष वाया जात नाही.

ते बारा फोटो आठ बाय बारा इंचांत छापून घ्या. छापलेल्या फोटोला लपायला जागा नसते. मोबाइलच्या चकचकीत पडद्यावर जो चेहरा छान दिसतो, त्याची सावली कागदावर काळा डाग होऊन येते. क्षितिज तिरपं असेल तर समोरच्याच्या आधी तुम्हालाच दिसतं.

सोबत एक वही ठेवा. ज्येष्ठ सभासद फोटो हातात घेऊन काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "इथनं कापा", "हा पिवळा डबा नजर ओढतोय", "तुम्ही दोन पावलं पुढं का गेला नाही?" अशी वाक्यं असतात. त्या वेळी उत्तर देऊ नका. "पहाटे चारला उठून गेले होते", "पाऊस होता", "मोटारसायकल मधे आली", यातलं काही फोटोत दिसत नाही, तेव्हा ते घरीच ठेवून या. आठ दिवसांनी वही उघडा. निम्मी टीका तोवर पटलेली असते. उरलेली पटली नाही तरी चालतं, कारण तेव्हा ती का पटली नाही हे तुम्हाला सांगता येतं. माझ्या मते क्लबाचा खरा उपयोग हाच. एकट्यानं फोटो काढता येतात, पण स्वतःचे फोटो परक्याच्या डोळ्यांनी बघता येत नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. आहे तो घेऊन या. मोबाइल असेल तर मोबाइल. नवा घ्यायचाच असेल तर निदान तीन बैठका थांबा, कारण क्लबात जुनं सामान विकायला काढलेलं असतं आणि ते कसं वापरलं गेलंय हे सगळ्यांना माहीत असतं. जुनी लेन्स घेताना मागच्या बाजूनं टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. कॅमेरा घेताना एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर ठिपके लगेच दिसतील. १८-५५ मिलिमीटरची साधी झूम लेन्स आणि जोडीला एफ १.८ची ५० मिलिमीटर, एवढ्यावर दोन-तीन वर्षं आरामात जातात. मूकपटांच्या काळातले चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर परदेशी सिनेकॅमेऱ्यावर अडून बसले नाहीत. त्यांनी इथंच, कोल्हापुरात, खटपट करून स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट घेतले. खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ त्याचीच आठवण आहे. सामान कमी आहे म्हणून क्लबात यायला कुणी संकोचायचं कारण नाही.

बुरशीचा विषय निघालाच आहे तर पावसाळ्याची तयारी आत्ताच सांगून टाकते, कारण आपल्याकडे जूनपासून चार महिने हवा ओलीच असते. मी पहिल्या वर्षी लेन्स तिच्या चामड्याच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली. चामडं ओल धरून ठेवतं. गणपतीत बाहेर काढली तेव्हा काचेच्या आत पांढरी जाळी पसरली होती. साफ करून घेतली, पण कडेला कायमची खूण राहिली. म्हणून स्वयंपाकघरात वापरतो तसा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. रंगीत जेलचे दाणे ओल धरली की रंग बदलतात. बदलले की ते तापवून वाळवून पुन्हा वापरायचे. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. त्याची पूड सगळीकडे बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. बंद पडून राहिलेल्या सामानालाच बुरशी लवकर धरते.

बैठकीला जाण्याआधी एक दुपार टाउन हॉलच्या संग्रहालयात घालवा. तिथं कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. कॅमेरा न काढता नुसतं बघा, उजेड कुठून येतोय, सावलीत रंग किती शिल्लक ठेवलेत, पाण्यावर किती तपशील सोडून दिलाय. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चित्रांचं किंवा फोटोंचं प्रदर्शन लागलं की तेही चुकवू नका. आवडलेल्या एका फोटोसमोर दहा मिनिटं उभं राहायची सवय लावून घ्या.

उजेडाची शिकवणी तर कोल्हापूरकरांच्या दारातच आहे. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत. कधी ढग आले, कधी हवेत धूसरपणा असला की ती वाटेतच क्षीण होतात. सूर्याचा कोन रोज थोडा सरकतो हे पुस्तकात वाचण्याआधी आपण देवळात पाहिलेलं असतं. तेच आपल्या फोटोला लावा. घराजवळची एक जागा धरा, रंकाळ्याची एखादी पायरी, पंचगंगेचा घाट, नाहीतर तुमच्या गल्लीचं तोंड, आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी तिथं उभे राहून एकच फोटो काढा. वर्षाअखेरीस बारा फोटो होतात. आमच्याकडे नव्या सभासदाला पहिलं काम हेच दिलं जातं.

आता सहलीची तयारी, माझ्या आवडीचा भाग. आमच्या क्लबाची नव्यांसाठीची पहिली सहल थंडीत एखाद्या गुऱ्हाळावर असते. पहाटे निघायचं, म्हणून बॅटरी रात्रीच भरून ठेवा, कार्ड रिकामं करा, घरी कुठं चाललो आणि कुणाबरोबर ते सांगून ठेवा. अंगात जुने सुती कपडे घाला, पायात बंद बूट. सिंथेटिक ओढणी किंवा लोंबता मफलर नको, चुलवाणाचा, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीचा, जाळ जवळ असतो. बाहेर कडाक्याची थंडी आणि छपराखाली गरम वाफ, त्यामुळं गेल्या गेल्या कॅमेरा काढला तर काच धुरकट होते. पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं आत बसा.

ती पंधरा-वीस मिनिटं वाया जात नाहीत. तेवढ्यात गुळव्याशी बोला. "मामा, फोटो काढू का?" असं विचारल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा क्लबाचा नियम आहे. "काढ की," असं उत्तर येतं आणि बरोबर रसाचा ग्लासही येतो. मग काम कसं चालतं ते समजून घ्या. चरकातून रस येतो, काहिलीत उकळायला लागतो, भेंडीचं पाणी टाकून मळी वर काढतात, खाली चिपाडांचा जाळ सारखा चालू असतो, आणि पाक झाला की काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या हौदात, ओततात. ओतण्याच्या त्या अर्ध्या मिनिटाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि नेमका तोच क्षण धोक्याचा. उकळता पाक अंगावर पडला तर कातडीला चिकटून राहतो. माणसं काहील घेऊन कुठल्या वाटेनं जाणार ते आधी विचारून ठेवा आणि त्या वाटेवर उभे राहू नका. फोटो हुकला तर पुढचं आदण, म्हणजे काहिलीची पुढची खेप, आहेच.

तांत्रिक गोष्टी दोनच. दारातून येणाऱ्या उन्हासमोर वाफ पांढरीशुभ्र चमकते, तिला बघून कॅमेरा सगळं चित्र अंधारं करतो. चेहरे हवे असतील तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक पायरी वाढवा. माणसांच्या नुसत्या आकृत्या हव्या असतील तर आहे तसं राहू द्या. दुसरं, हलणाऱ्या हातांसाठी शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा कमी करू नका, त्यासाठी आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० करावी लागली तरी भिऊ नका. दाणेदार फोटो पुढं चालवून घेता येतो, हललेला येत नाही. फ्लॅश मारू नका. वाफेवर आपटून तो सगळं सपाट करतो, आणि काम करणाऱ्याचे डोळे दिपले तर त्याच्या हातात काय आहे ते आठवा.

चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेला नव्या सभासदानं पहिल्याच वर्षी कॅमेरा नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा नुसते हात जोडून जा, सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, कुठून वळतात ते बघा, गर्दीचा रेटा अनुभवा. दुसऱ्या वर्षी न्याल तेव्हा कॅमेऱ्याला प्लॅस्टिकचं आवरण घाला, जोडांवर चिकटपट्टी लावा आणि डोंगरावर लेन्स अजिबात बदलू नका. तिथं उधळतात तो गुलाल फार बारीक असतो. घरी आल्यावर आधी रबरी ब्लोअरनं हवा मारा, मग मऊ ब्रश. ओलं फडकं लावलंत तर तो खाचांत कायमचा बसेल. तालमीत जायचं तर वस्तादांची परवानगी घ्या, चप्पल बाहेर काढा आणि आखाड्याच्या मातीत पाय ठेवू नका.

स्पर्धांची घाई करू नका. क्लबात तुम्हाला लोकांच्या नावापुढे इंग्रजी अक्षरं दिसतील. ती बहुधा फियाप या १९५० साली स्थापन झालेल्या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानांकनाची असतात. आपल्या देशातली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी, म्हणजे एफआयपी, १९५३ची. नवखा माणूस या दोन नावांत गोंधळतो. अक्षरं मिळवण्यात गैर काही नाही, पण पहिल्याच वर्षी त्यांच्या मागे लागलेले लोक परीक्षकांना आवडेल तेच काढायला लागतात असं मी पाहिलंय. तोवर नियम तेवढे वाचून ठेवा. निसर्ग आणि वृत्तछायाचित्रणाच्या विभागात फोटोतली वस्तू पुसणं किंवा नवी घालणं चालत नाही. म्हणून मूळ फाइल कधीही खोडू नका. पडद्यावर दाखवायचा फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत आणि आयोजकांनी सांगितलेल्या मापात पाठवा.

बैठक कधी, वर्गणी किती, बाहेरगावच्या सहलीचा खर्च कोण कसा वाटून घेतं, हे एका फोनवर कळतं.

यादीत शेवटची गोष्ट पाकिटांची. ज्यांचे फोटो काढलेत त्यांना प्रिंट नेऊन द्यायचे. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली जातो, प्रिंट भिंतीवर लागतो. ज्या गुऱ्हाळावर आम्ही दोन वर्षांपूर्वी प्रिंट दिले होते, तिथं पुढच्या खेपेला मामांनी आपण होऊन सांगितलं, "आज काहील साडेसातला उतरंल, उजेड त्या अंगाला असंल, तिकडं थांबा." यंदाच्या हंगामासाठी माझ्या पिशवीत गेल्या वर्षीचे सहा प्रिंट भरून ठेवले आहेत, प्रत्येक पाकिटावर नाव लिहून. जळण घालणाऱ्या पोराचं नाव तेवढं विचारायचं राहिलं होतं. त्याच्या पाकिटावर सध्या "लाल टोपी" असं लिहिलंय.