‘नो विन, नो फी’ म्हणजे फुकट नव्हे: इंग्लंडमध्ये भरपाईचा दावा करताना या चुका टाळा

इंग्लंड आणि वेल्समध्ये कामावर किंवा रस्त्यावर अपघात झाला की ‘नो विन, नो फी’, म्हणजे ‘हरलात तर फी नाही’, म्हणणारे सॉलिसिटर शोधावे लागत नाहीत. भारतात बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. त्यामुळे पुण्या-नागपुराहून इकडे आलेल्या माणसाला ही पद्धत नवीन असते आणि ‘फी नाही’ एवढेच त्याच्या लक्षात राहते. ओळखीच्या मराठी कुटुंबांचे असे करार आणि बिले मी वाचून देतो. माणसे बदलतात, चुका बदलत नाहीत.

पहिली चूक टक्केवारीची. सक्सेस फी, म्हणजे दावा जिंकल्यावर वकील घेतो ती जादा फी, त्याच्या मूळ फीवर आकारली जाते आणि ती मूळ फीच्या 100 टक्क्यांपर्यंत असू शकते. शारीरिक इजेच्या दाव्यात मात्र तिला भरपाईच्या 25 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. हे 25 टक्केही वेदना आणि आजवर झालेले नुकसान यांच्या रकमेवर मोजायचे असतात, भविष्यातील नुकसानीच्या रकमेवर नाही. समजा, 20,000 पौंड मिळाले आणि त्यांतील 8,000 पुढचे उपचार व बुडणारा पगार यांपोटी असले, तर मर्यादा 3,000 पौंडांची होते, 5,000 ची नव्हे. हा फरक ठाऊक नसल्यामुळे लोक सरसकट चौथा हिस्सा गेला असे धरून चालतात आणि बिलाकडे पाहतही नाहीत.

दुसऱ्या बाजूने, 25 टक्के गेले की बाकी सगळे आपले, हाही भ्रमच. हरल्यास येणाऱ्या खर्चासाठी काढलेल्या विम्याचा हप्ता या मर्यादेच्या बाहेर असतो. समोरच्या पक्षाकडून मिळणारा वकिलीचा खर्च ऑक्टोबर 2023 पासून 1,00,000 पौंडांपर्यंतच्या बहुतेक दाव्यांत ठरावीक तक्त्याप्रमाणेच मिळतो. तो कमी पडला आणि करारात तशी तरतूद असली, तर उरलेली मूळ फीसुद्धा अशिलाकडे मागता येते. 1 एप्रिल 2013 पूर्वी सक्सेस फी आणि विम्याचा हप्ता दोन्ही हरणाऱ्याकडून वसूल होत असत; दाव्यांच्या खर्चाबद्दलच्या न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या अहवालानंतर ते बदलले. त्याआधी दावा जिंकलेले मामा-काका ‘आम्हाला तर पूर्ण पैसे मिळाले’ असे सांगतात तेव्हा ते खरेच बोलत असतात, फक्त आज त्याचा उपयोग नसतो. माझा शिरस्ता साधा आहे: सही करण्यापूर्वी ‘सर्व वजावटी मिळून माझ्या भरपाईतून जास्तीत जास्त किती रक्कम जाईल?’ हा प्रश्न ईमेलने विचारायचा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबायचे. उत्तर द्यायला टाळाटाळ करणारा सॉलिसिटर मी तरी नाकारतो.

दुसरी चूक दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतील ‘पार्ट 36’ खाली समोरच्या पक्षाकडून आलेला तडजोडीचा प्रस्ताव बाजारातला पहिला भाव समजण्याची. हा प्रस्ताव स्वीकारायला साधारणपणे 21 दिवस असतात. त्या मुदतीत स्वीकारला तर तोवरचा तुमचा खर्च समोरचा पक्ष देतो. नाकारला आणि न्यायालयाने त्याहून अधिक रक्कम दिली नाही, तर मुदत संपल्यानंतरचा त्यांचा खर्च तुमच्यावर येतो. हरणाऱ्या दावेदाराला समोरच्याच्या खर्चापासून एरवी जे संरक्षण असते, ते इथे तोकडे पडते, कारण हा खर्च तुमच्या भरपाईतून वळता होतो.

गोदामात खांद्याला इजा झालेल्या एका गृहस्थांना असा 16,000 पौंडांचा प्रस्ताव आला होता. त्यांच्या सॉलिसिटरने तो घ्यावा असे पत्राने कळवले होते. पण ‘विमा कंपनी पहिल्यांदा कमीच सांगते, अजून ताणून धर’ असा मेहुण्यांचा सल्ला त्यांना अधिक पटला. न्यायाधीशांनी 14,500 दिले. निकाल लागेपर्यंत न्यायाधीशांना प्रस्तावाची माहिती दिली जात नाही, त्यामुळे त्यांनी कोणावर मेहेरबानी केली किंवा राग काढला असे काही नव्हते. निकालानंतर मात्र समोरच्या बॅरिस्टरचा आणि तज्ज्ञ डॉक्टरांचा खर्च, सक्सेस फी आणि विम्याचा हप्ता वजा होऊन निम्म्याहून कमी रक्कम हाती आली. वकिलाच्या सल्ल्यानुसार प्रस्ताव नाकारला असता तर त्यांच्या विम्याने समोरच्याचा खर्च उचलला असता. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याला ती सोय त्यांच्या पॉलिसीत नव्हती. गृहस्थ माझ्याकडे आले ते निकालानंतर. असा प्रस्ताव आला की मी त्याच दिवशी शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगतो आणि सॉलिसिटरचे मत, कारणांसह, लेखी मागवायला लावतो. मेहुण्यांचे मत नंतर ऐकावे.

आता बाकीच्या चुका, थोडक्यात. वाहन अपघातात मानेला झटका बसून झालेल्या किरकोळ इजेसाठी 31 मे 2021 पासून ‘ऑफिशियल इंज्युरी क्लेम’ हे मोफत पोर्टल आहे. इजेची रक्कम 5,000 पौंडांच्या आत असली तर जिंकूनही वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही, म्हणून आधी स्वतः पोर्टल पाहावे. घराच्या किंवा गाडीच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण अनेकदा आधीच असते, युनियनच्या सदस्यत्वातही असते. ते न पाहता करारावर सही करणे म्हणजे निव्वळ आळस. ‘तुमचा अपघात झाल्याचे कळले’ असा अनाहूत फोन आला तर तो ठेवून द्यावा. सॉलिसिटरांना असे फोन करायला मनाई आहे. दुखणे फुगवून सांगू नये, कारण मूलभूत अप्रामाणिकपणा सिद्ध झाला तर खरा दावाही फेटाळला जाऊ शकतो आणि खर्चापासूनचे संरक्षणही जाते. वैद्यकीय अहवाल येण्यापूर्वी घाईने अंतिम तडजोड केली आणि खांदा पुढे अधिक बिघडला, तर दावा पुन्हा उघडता येत नाही. दावा दाखल करण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते, तरी शेवटच्या महिन्यात धावत येणाऱ्यांना चांगला सॉलिसिटर सहसा मिळत नाही. करार मध्येच मोडला तर तोवरच्या कामाची फी मागितली जाऊ शकते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथे टक्केवारीचे टप्पे आहेत आणि भविष्यातील नुकसानही त्यात धरतात; त्यामुळे ग्लासगोच्या मित्राचा हिशेब लंडनमध्ये लावू नये.

अंतिम बिल आले की ते त्याच आठवड्यात वाचावे. मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत न्यायालयाकडून बिलाची तपासणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्यानंतर ते न्यायालयाच्या मर्जीवर राहते. सॉलिसिटरकडे केलेल्या लेखी तक्रारीने समाधान झाले नाही, तर वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लीगल ओम्बड्समनकडे विनाशुल्क जाता येते.