भंगारातील भागांपासून हॅम रेडिओसाठी डमी लोड कसा करावा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, ट्रान्समीटर घरी बांधण्यापूर्वी अँटेनाच्या जागी जोडायचा डमी लोड तयार करावा, असे माझे ठाम मत आहे. ट्रान्समीटरची शक्ती अँटेनातून बाहेर न जाता यात उष्णतेच्या रूपाने जिरते, त्यामुळे चाचणी करताना इतरांच्या संभाषणात व्यत्यय येत नाही. अँटेनावरून प्रक्षेपण करण्यासाठी मात्र केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतोच.

मराठवाड्यात भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेले इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर आता भंगारात निघतात; त्यांतून आणि जुन्या टीव्हीतून लागणारे बहुतेक भाग मिळतात. टीव्ही उघडताना विशेष जपावे. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट टिकून राहू शकतात. म्हणून इन्सुलेटेड पकडीत १० किलोओहमचा ५ वॅटचा रझिस्टर धरून तो कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना काही सेकंद टेकवावा आणि विद्युत दाब शून्यावर आल्याची मल्टिमीटरने खात्री करावी. पिक्चर ट्यूबच्या टोपीला हात लावू नये.

२२० ओहमचे, २ वॅटचे चार रझिस्टर (रंगीत पट्टे लाल-लाल-तपकिरी) आणि ५६० ओहमचा १ वॅटचा एक (हिरवा-निळा-तपकिरी) शोधावा. पांढरे चौकोनी सिरॅमिक ठोकळे घेऊ नयेत. त्यांच्या आत बहुधा तारेचे वेटोळे असते आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीला ते कॉइलसारखे वागते. बोर्डावर असताना मोजलेली किंमत फसवी असते, म्हणून प्रत्येक रझिस्टर काढून मगच मोजावा, आणि उष्णतेने पट्टे काळवंडलेला असेल तर तो बाजूला टाकावा.

पाचही रझिस्टर समांतर जोडले की सुमारे ५० ओहम मिळतात. रझिस्टरच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवून ते बीएनसी सॉकेटला (ट्रान्समीटरची केबल जोडायच्या गोल सॉकेटला) डाग देऊन जोडावेत आणि हवेसाठी भोके पाडलेल्या पत्र्याच्या डबीत बसवावेत.

शक्ती मोजायची असल्यास १एन४१४८ डायोडचा अॅनोड सॉकेटच्या मधल्या पिनेला जोडावा, तर कॅथोड (पट्टा असलेले टोक) आणि डबी यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा. कपॅसिटरवरील डीसी व्होल्टमध्ये ०.७ मिळवून वर्ग करावा आणि १०० ने भागावे: २१.६ व्होल्ट आले तर शक्ती जवळजवळ ५ वॅट असते. हा लोड ५ वॅटपर्यंतच वापरावा, आणि परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात एका वेळी दहा-पंधरा सेकंदच ट्रान्समीटर चालवून डबी निवू द्यावी.